पहिल्या डोसाआधीचे रक्त

टायफॉइड साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होतो. हा जंतू फक्त माणसाच्या शरीरात टिकतो. गुरे किंवा कोंबड्या यांत त्याचा साठा नसतो. आजारी माणसाच्या विष्ठेतून तो पाण्यात उतरतो आणि पाण्यातून, अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातो. त्यामुळे प्रतिजैविकांना दाद न देण्याची त्याची ताकद वाढते ती माणसांनी घेतलेल्या औषधांमुळेच. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, आंबेनळी घाटालगतच्या वाड्यावस्त्यांत, याला आणखी एक बाजू आहे. इथल्या घराघरांतली माणसे मुंबईत कामाला असतात आणि गणपतीला, शिमग्याला गावी येतात. मुंबईत औषधांना निर्ढावलेल्या जंतूला घाटापर्यंत यायला एका रात्रीचा प्रवास पुरतो.

एखाद्या रुग्णाच्या अंगातला जंतू कोणत्या औषधाने मरेल हे खात्रीने सांगणारी नेहमीची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर आणि त्यावरची सेन्सिटिव्हिटी. ती प्रयोगशाळेत नव्हे, रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधला की तिथेच सुरू होते. टायफॉइडमध्ये एक मिलिलिटर रक्तात एखादाच जिवंत जंतू सापडतो, कित्येकदा तोही नाही. म्हणून मोठ्या माणसाचे एका बाटलीसाठी ८ ते १० मिलिलिटर रक्त घ्यावे लागते; मुलांचे वयानुसार कमी. आधी कातडी स्पिरिट आणि आयोडीनने पुसून ते वाळू द्यावे लागते. घाईत सुई टोचली तर कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात आणि तपासणी वाया जाते. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत सोडल्यावर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. इतर नमुन्यांच्या सवयीने ती थंडीत गेली, तर आधीच मोजके असलेले जंतू वाढत नाहीत.

सगळ्यात मोठी अट वेळेची आहे. प्रतिजैविकाचा पहिला डोस पोटात जाण्याआधी रक्त घ्यायला हवे. प्रत्यक्षात ताप आल्यावर मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणल्या जातात, तीन दिवसांनी डॉक्टर गाठला जातो, आणि तोपर्यंत रक्तातले जंतू बाटलीत वाढण्याइतके उरलेले नसतात. आजार मात्र तसाच असतो. सगळे नीट केले तरी कल्चर १०० रुग्णांपैकी साधारण ६० जणांतच जंतू पकडते. या त्रुटीमुळे कल्चर टाळण्याचे कारण मिळत नाही. उलट रक्त पुरेसे आणि वेळेवर घेण्याचे महत्त्व वाढते.

बाटली सुमारे ३५ अंश सेल्सिअसला ठेवतात. वाढ झाली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांतच कळते. तरीही बाटली पाच दिवसांपर्यंत सांभाळतात. त्यातला थेंब मॅकॉन्की अगारच्या बशीवर पसरला की दुसऱ्या दिवशी रंगहीन ठिपके उगवतात. ई. कोलायचे ठिपके याच बशीवर गुलाबी दिसतात, कारण तो लॅक्टोज पचवतो. साल्मोनेला पचवत नाही. पुढची परीक्षा तिरप्या थराच्या नळीत होते. वरचा तिरपा भाग लाल राहतो, तळ पिवळा होतो, वायूचे बुडबुडे नसतात आणि दोहोंच्या सांध्यावर मिशीसारखी बारीक काळी रेघ उमटते. ती रेघ दिसली की अनुभवी तंत्रज्ञाचा संशय टायफीवर जातो. काचपट्टीवर जंतू आणि टायफीविरोधी सीरमचा थेंब एकत्र फिरवल्यावर गुठळ्या झाल्या की ओळख पक्की होते.

मग सेन्सिटिव्हिटी. ठरावीक गढूळपणाचे जंतूंचे द्रावण म्युलर-हिंटन अगारच्या बशीवर बोळ्याने सारखे पसरतात आणि त्यावर औषधात भिजवलेल्या, ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या चिकटवतात. १६ ते १८ तासांनी बशीवर जंतूंची फिकट साय धरलेली असते, आणि जी औषधे लागू पडतात त्यांच्या चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळे राहतात. त्यांचा व्यास पट्टीने मोजतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे वर्तुळ ३१ मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच टायफी त्याला दाद देतो असे मानतात. २० किंवा त्याहून कमी असेल तर नाही. अझिथ्रोमायसिनचे वर्तुळ वाचणे अवघड, कारण त्याची कड धूसर असते. तिथे १३ मिलिमीटरची सीमा आहे. अशा धूसर कडेवरच्या एका मिलिमीटरने उपचार बदलू शकतो, म्हणून बशी पुन्हा उजेडात धरून वाचावी लागते.

या वर्तुळांनी गेल्या काही दशकांत औषधांची उतरंड नोंदवली. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर वापरात आले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि केरळमध्ये कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या जंतूंच्या साथी आल्या. १९९० च्या सुमारास भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलीन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिन्हींना एकदम न जुमानणारा जंतू पसरला. त्याच्याकडे प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर, एकगठ्ठा होती. त्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. ते भरमसाट वापरले गेले आणि जंतूच्या गायरेज या विकरातले एखादे अमिनो आम्ल बदलून त्याची धार गेली. आज भारतात टायफॉइडवर भिस्त आहे ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिनवर. पाकिस्तानात सिंधमधील हैदराबादेत २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारी साथ पसरली. मुंबईतल्या रुग्णांमध्येही असे जंतू फिरत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जुन्या तीन औषधांना मात्र आता भारतातले बहुतेक टायफी पुन्हा दाद देतात. ही आशेची गोष्ट आहे, पण सेन्सिटिव्हिटीच्या अहवालाशिवाय तिचा उपयोग करता येत नाही.

घाटातल्या वाड्यांपासून कल्चरची सोय दूर पडते. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता बंद झाला, जसा जुलै २०२१ मध्ये आंबेनळीत झाला, तर नमुना वेळेत पोहोचवणेच कठीण. म्हणून विडालवर काम भागवले जाते. १८९६ पासूनची ही तपासणी शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची आहे. ती जुन्या संसर्गानेही पॉझिटिव्ह येते आणि औषधाबद्दल एक अक्षर सांगत नाही. विडालचा कागद हातात आला की टायफॉइड ठरला असे समजणे ही फार महागात पडणारी सवय आहे. तिच्यामुळे नको असलेली प्रतिजैविके दिली जातात, आणि या भागातला जंतू नेमका कसा आहे याची नोंद कुठेच होत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात कल्चरच्या बाटल्या आणि त्या रोज नेणारे वाहन, एवढ्याने ही उणीव बरीच भरून निघेल.

उपचारात आणखी एका गोष्टीने घोळ होतो. योग्य औषध चालू असले तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी ताप दिसला की औषध बदलले जाते किंवा डॉक्टरच बदलला जातो, आणि अर्धवट घेतलेल्या औषधांची भर पडते.

गावाकडे टायफॉइड सगळीकडे शहराइतका नसतो. पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या ग्रामीण भागात मुलांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात एक लाख बालवर्षांमागे ३५ रुग्ण आढळले. त्याच अभ्यासातल्या दिल्ली, कोलकाता, वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत हा आकडा ५७६ ते १,१७३ होता. पण एकाच विहिरीवर किंवा झऱ्यावर अवलंबून असलेल्या वाडीत एक रुग्ण पुष्कळ होतो. पहिल्या पावसाचे पाणी उतारावरची घाण घेऊन खाली येते, तेव्हा विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर नीट पडणे गरजेचे असते. अर्ध्या तासानंतर ओटी द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे जलसुरक्षकाला कळते. पिवळे झाले नाही तर पुन्हा पावडर टाकावी लागते.

लसीपुढे जंतूचा औषध-प्रतिकार चालत नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडच्या संयुग्मित लसीची मोहीम घेतली आणि नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. तिचा एकच डोस लागतो.