विश्लेषण : ‘लेन्स फ्लेअर’ खरा कधी वाटतो?

नायकाच्या मागून सूर्य डोकावतो आणि पडद्यावर प्रकाशाची वर्तुळे एका रांगेत उमटतात. हा ‘लेन्स फ्लेअर’ अनेकदा संगणकावर तयार केलेला असतो. तो कसा तयार करतात आणि काही वेळा नकली का वाटतो?

फ्लेअर म्हणजे काय?
कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये अनेक भिंगे असतात. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. समोर प्रखर प्रकाश असेल तर हे परावर्तन भिंगांमध्ये फिरत राहते आणि चित्रात ठिपके, वलये, पट्टे दिसतात. मुळात हा दोष. तो कमी करण्यासाठीच लेन्सवर कोटिंग आले.

मग तो मुद्दाम का आणतात?
संगणकावर रचलेल्या दृश्यापुढे खरी लेन्स नसते. फ्लेअरमुळे ते कॅमेऱ्याने टिपल्यासारखे वाटते. ‘स्टार ट्रेक’साठी (२००९) दिग्दर्शक जे. जे. अब्रम्स यांनी सेटवर थेट लेन्सवर दिवे रोखून खरे फ्लेअर मिळवले. पुढे त्यांच्या अतिवापराबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

सॉफ्टवेअरमध्ये काय करतात?
अ‍ॅडोबी आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘लेन्स फ्लेअर’ हा इफेक्ट आहेच. तो थेट चित्रफितीवर न लावता वेगळ्या काळ्या लेअरवर लावतात आणि ब्लेंडिंग मोड ‘स्क्रीन’ किंवा ‘अ‍ॅड’ ठेवतात. काळा रंग नाहीसा होतो, प्रकाश तेवढा उरतो. मग केंद्र, तीव्रता आणि लेन्सचा प्रकार बदलता येतो. अधिक बारकावे हवे असतील तर ‘ऑप्टिकल फ्लेअर्स’सारखे प्लगइन वापरतात, त्यात प्रत्येक वलयाचा रंग आणि आकार स्वतंत्रपणे ठरवता येतो.

नकलीपणा कुठे उघडा पडतो?
कॅमेरा हलतो आणि फ्लेअर दिव्याला सोडून भरकटतो, तेव्हा. म्हणून त्याचे केंद्र ट्रॅकिंगने दिव्याला बांधतात. वलये दिवा आणि चित्राचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवरच हवीत. दिव्यासमोरून माणूस गेला तर फ्लेअरही त्या क्षणी मावळायला हवा. अ‍ॅनामॉर्फिक लेन्सचा आडवा निळा पट्टा एका शॉटमध्ये आणि पुढच्यात साधी गोल वलये, असेही चालत नाही.

थोडक्यात, आधी दिवा कुठे आहे आणि लेन्स कोणती आहे, हे ठरवावे. तीव्रतेचा स्लायडर त्यानंतर, आणि तोही जपूनच.