घड की बाळी?

नाशिक साधारण 20 अक्षांशावर. वाइनच्या द्राक्षांचा रूढ पट्टा मात्र 30 ते 50 अंशांचा. मग नाशिकला शिराझ आणि सोव्हिन्यों ब्लांक या जाती पिकतात कशा? ‘उंचीमुळे’ हे ठरलेलं उत्तर अपुरं आहे. नाशिक सुमारे 600 मीटरवर आहे. किलोमीटरमागे साडेसहा अंश धरले, तरी उंचीने मिळणारा थंडावा चार अंशांच्या आतच राहतो.

खरी करामत कात्रीची. थंड देशांत द्राक्षवेल पानं झाडून झोपी जाते. इथे ती हिरवीच राहते. म्हणून छाटण्या दोन: एप्रिलच्या सुमारास काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना फळासाठी गोडी छाटणी. दुसऱ्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. पण त्या डोळ्यातून घड निघणार की नाही, हे कधीच ठरून गेलेलं असतं! खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत डोळ्याच्या आत एक सूक्ष्म अंकुर तयार होतो. त्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही, म्हणजे वेलीला आधार देणारा वेढेदार तंतू. ऊन भरपूर मिळालं तर घड. आभाळ भरून राहिलं, जिबरेलिन हे संप्रेरक वरचढ ठरलं, तर बाळी.

सी. श्रीनिवासन आणि मायकेल मलिन्स यांनी 1978 मध्ये हे फार देखण्या रीतीने दाखवलं. वेलीपासून वेगळ्या केलेल्या बाळ्या त्यांनी काचपात्रात वाढवल्या, त्यांना सायटोकायनिन हे संप्रेरक दिलं आणि बाळ्यांचे फुलोरे झाले. आज बागायतदार घडनिर्मितीसाठी 6-बीए फवारतात, तेही सायटोकायनिनच. श्रीनिवासन यांचं नाव द्राक्षाच्या चर्चासत्रांत आवर्जून घेतलं जायला हवं.

पिकण्याची तऱ्हाही उलटी. युरोपातलं द्राक्ष थंडीकडे जाताना पिकतं, नाशिकचं उन्हाकडे जाताना. मण्यात पाणी उतरतं तेव्हा रात्री थंड असतात, त्यामुळे मॅलिक आम्ल टिकून राहतं. फेब्रुवारी सरता सरता पारा चढतो, मणी श्वसनात ते आम्ल झपाट्याने खर्च करतो आणि साखर मात्र वाढत जाते. लाल जातींची अडचण आणखी मोठी, कारण रात्री उबदार झाल्या की सालीतला रंगही नीट भरत नाही. नुसता ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, पाहून तोडणी ठरवली, तर गोड पण निर्जीव वाइन पदरी पडते. म्हणून आम्ल आणि सामूही मोजतात, आणि मणी गार असताना, पहाटेच घड उतरवतात.