मागणीपलीकडचा संवाद

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा अन्य कारणांमुळे ज्या विद्यार्थ्यांना तोंडाने बोलता येत नाही, ते चित्रफलक, टॅबलेटवरील बोलके अ‍ॅप किंवा नजरेने चालणारा संगणक यांच्या साहाय्याने जो संवाद साधतात, त्याला पूरक व पर्यायी संप्रेषण म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने संप्रेषणाच्या व्याख्येतच या मार्गांना स्थान दिले असल्यामुळे ते शाळेचे उपकार नव्हेत, तर विद्यार्थ्याचा हक्क आहेत.

साधन हाती आले तरी त्यातून काय साधायचे, हे वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्या एका विद्यार्थ्यासाठी आखलेल्या लेखी योजनेत, ठरवावे लागते, आणि तेथे ‘चित्रावर बोट ठेवून पाणी मागेल’ अशी मोजायला सोपी उद्दिष्टेच अनेकदा लिहिली जातात. जॅनिस लाइट या संशोधिकेने १९८८ मध्ये संवादाचे चार हेतू मांडले होते: गरजा सांगणे, माहिती देणे-घेणे, जवळीक साधणे आणि शिष्टाचार पाळणे. केवळ मागण्यांच्या चित्रांनी भरलेला फलक यांपैकी पहिल्याच हेतूवर थांबतो; त्यावर भावाशी भांडता येत नाही, गणित समजले नाही हे सांगता येत नाही, आणि सर्वांत गंभीर म्हणजे, कोठे दुखते किंवा कोणी त्रास दिला हेही कळवता येत नाही. म्हणून ‘नको’, ‘आणखी’, ‘कुठे’, ‘का’, ‘थांब’ यांसारखे, प्रत्येक प्रसंगी उपयोगी पडणारे शब्द, ज्यांना गाभ्याचा शब्दसंग्रह म्हटले जाते, पहिल्या दिवसापासून फलकावर हवेत, आणि उद्दिष्टही ‘वर्गात व मधल्या सुट्टीत, कोणी न सुचवता, नकार देईल, प्रश्न विचारेल आणि घडलेले सांगेल’ अशा स्वरूपाचे हवे.

ऐकणाऱ्याला अर्थ कळला नाही किंवा टॅबलेटची बॅटरी संपली, तर दुसरा शब्द निवडणे, खूण करणे, कागदी फलकाकडे वळणे हेही शिकवावेच लागते. लाइट यांनी १९८९ मध्ये या व्यूहात्मक क्षमतेला भाषिक, यंत्र हाताळण्याच्या आणि सामाजिक क्षमतांच्या बरोबरीचे स्थान दिले. मात्र मूल ही भाषा पाहिल्याशिवाय शिकत नाही, त्यामुळे स्वतः बोलताना त्याच फलकावर बोट ठेवत राहणे आणि उत्तरासाठी घाई न करता वाट पाहणे ही शिक्षकांची कामे आराखड्यात स्पष्ट लिहिलेली असावीत. साधनामुळे मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल, ही पालकांची भीती स्वाभाविक असली तरी उपलब्ध संशोधन तिला दुजोरा देत नाही.

मराठीपुरती एक अडचण वेगळी आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या ‘जेलो’सारख्या अ‍ॅपमुळे मराठीत संवाद शक्य झाला असला तरी, मराठी क्रियापदे लिंगानुसार बदलत असल्याने मुलीच्या साधनाने ‘मी जाते’ आणि मुलाच्या साधनाने ‘मी जातो’ असेच म्हटले पाहिजे, आणि घरात अहिराणी किंवा मालवणी बोलली जात असेल, तर शब्द निवडताना वाचा-उपचारतज्ज्ञांच्या शेजारी आई-वडील आणि आजी-आजोबाही बसलेले असले पाहिजेत.