फेटल दिसलं म्हणजे सर्व्हर गेला असं नाही!

बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. आकडा कळला की काय करायचं ते नदीकाठच्यांना ठाऊक असतं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लॉगमधल्या पातळ्याही तशाच वाचा. शब्द किती भयंकर आहे ते सोडा, नुकसान कुठवर पोचलं ते पाहा. एररने चालू कमांड रद्द होते, फेटलने ते एकच सेशन तुटतं, पॅनिकने सगळीच. म्हणून नुसता पासवर्ड चुकला तरी 'फेटल' उमटतं (नवखे इथेच घाबरतात).

खरी गंमत 'लॉग' पातळीची. सर्व्हर सुरू झाल्याची साधी खबर, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये तिचा मान एररच्याही वर, कारण ती अ‍ॅडमिनसाठी असते. लॉगमध्ये काय उमटावं याची किमान पातळी मुळात वॉर्निंग असते. माझ्या मते तीच ठेवा. डीबग लावायचं तर शोधापुरतंच, नाहीतर डिस्क भरेल.