परदेशी शिक्षणासाठी प्रमाणपत्रांचे साक्षांकन

बारावीचे व पदवीचे निकाल लागले की धर्मग्रामाच्या कार्यालयात दाखल्यांसाठी ये-जा वाढते. पूर्वी ती बहुधा विवाहासाठी असे. आता श्रीरामपूर परिसरातील मुलेमुली परदेशी विद्यापीठांची नावे घेऊन येतात आणि ‘अपोस्टिल’ हा शब्द उच्चारतात. त्याविषयी पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो, आणि त्या गोंधळावर काही दलालांची कमाई चालते. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

एका देशाचे प्रमाणपत्र दुसऱ्या देशाने खरे कसे मानावे, या प्रश्नावर ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. करारातील देशांत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लावलेला कागद पुन्हा त्या देशाच्या वकिलातीत न्यावा लागत नाही. ही एक चौकोनी मुद्रा असते. तिचा मथळा फ्रेंच भाषेत असतो आणि खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी असतात. कागदावरील सही, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्का खरा आहे, एवढेच ती सांगते. गुण किती पडले किंवा पदवी कोणत्या दर्जाची आहे, याची हमी ती देत नाही.

मंत्रालय थेट मूळ पदवीपत्रावर मुद्रा लावत नाही. शैक्षणिक कागद आधी राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित व्हावा लागतो. आपल्याकडील मुलांच्या बाबतीत दहावी-बारावीचे कागद पुणे विभागीय मंडळाचे आणि पदवी बहुधा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते. मंत्रालयाचे हे काम एकेकाळी मुख्यतः दिल्लीत चाले. २०१९ पासून ते मुंबईसह अनेक शहरांत होते. अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. अपोस्टिलचे सरकारी शुल्क प्रति कागद ५० रुपये असून संस्थेचा सेवाआकार वेगळा असतो. कोणी हजारो रुपये सांगितले तर ते कशाकशाचे, हे लिहून मागावे.

मात्र अपोस्टिल सर्वांनाच लागत नाही. ब्रिटन व अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांना प्रवेशअर्जासाठी विद्यापीठाने दिलेले गुणपत्रक पुरते. इटली वा स्पेनसाठी अपोस्टिलची मागणी बऱ्याचदा होते. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जर्मनीने भारताच्या सहभागास आक्षेप घेतल्यामुळे तेथे वेगळी व्यवस्था आहे. विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. तेव्हा आधी त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे व मगच पैसे भरावेत.

आमच्या मते खरी अडचण शिक्क्यांची नसून नावांची आहे. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरेच, ही गोष्ट आपल्या घराघरांत आढळते. घरी मुलीला सगळे एका नावाने हाक मारतात, दप्तरी ती दुसरीच असते. परदेशी अधिकाऱ्याला ही दोन माणसे वाटतात. शाळा सोडल्यावर दाखल्यातील नाव बदलणे अवघड जाते. म्हणून मूल शाळेत असतानाच जन्मदाखला, शाळेची नोंद व आधार यांतील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर ताडून पाहावी. उशीर झालाच असेल तर शासकीय राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी व प्रतिज्ञापत्र यांचा आधार घ्यावा लागतो.

जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या कागदांवर अहमदनगर असल्याने ते बाद होत नाहीत. ज्या काळचा कागद, त्या काळचे नाव. विद्यापीठाचेही नाव २०१४ मध्ये बदलले, तेथेही हाच न्याय.

काही पालक स्नानसंस्काराच्या दाखल्यालाही अपोस्टिल मागतात. हा चर्चचा दाखला आहे, शासकीय जन्मदाखला नव्हे. विद्यापीठासाठी नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखलाच काढावा. आणि एक विनंती : पदवीपत्र लॅमिनेट करू नये. मायेने केलेले ते प्लॅस्टिकचे आवरण शिक्का मारताना काढावे लागते, आणि त्यासोबत कधीकधी कागदही फाटतो.