हार्ड डिस्कची तपासणी : आधी प्रत, मग दुरुस्ती

वीज अवचित गेली की संगणकाचे लिहिणे अर्धवट राहते. आणि ती नेमकी निकाल तयार होत असताना जाते! हार्ड डिस्कवर मजकूर एकीकडे असतो, तो कोठे ठेवला याची नोंदवही दुसरीकडे. दोहोंचा मेळ तुटला की फाइल जागेवर असूनही सापडत नाही. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ ही आज्ञा हा मेळ तपासते. तिच्यापुढे ‘/एफ’ लिहिल्यास नोंदी दुरुस्त होतात. ‘/आर’ लिहिल्यास ती प्रत्येक सेक्टर वाचून पाहते, हाती लागेल तेवढे वाचविते आणि निकामी जागा पुन्हा वापरली जाऊ नये म्हणून तिच्यावर खूण करते. मोठ्या डिस्कला यासाठी कित्येक तास लागतात.

मात्र ही आज्ञा नोंदवही सावरते, मजकुराची हमी घेत नाही. बेवारस तुकडे ती ‘.सीएचके’ नावाने बाजूला काढते, आणि गुणपत्रकाचे असे तुकडे जुळविणे फार जिकिरीचे. म्हणून गुण, दाखले, छायाचित्रे यांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर आज्ञा देऊच नये. तो बिघाड नोंदींचा नसून यंत्राचा असतो. तासन्‌तास वाचनाचा ताण पडून उरलेलेही जाते. अशा वेळी संगणक तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावा.