माफी
माफी : अपराधाची क्षमा किंवा देण्यातून सूट. अरबी ‘मुआफ’ हा शब्द फार्सीमार्गे मराठीत आला. ‘सारामाफी’, ‘कर्जमाफी’ यांत सुटीचाच अर्थ आहे. माफी मागण्यात मात्र दोषाची कबुली येते. ‘दिलगिरी’त नुसता खेद असतो, म्हणून सार्वजनिक व्यवहारात ती अधिक सोयीची वाटते. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी हा सोयीचा मार्ग पतकरला नाही. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांविरुद्ध त्यांनी मित्रांच्या पत्रांवरून १८९७ मध्ये इंग्लंडात आरोप केले होते. ते सिद्ध करता न आल्याने स्वदेशी परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली व स्वकीयांची कठोर टीका सोसली. भिकाऱ्यास नकार देताना म्हटल्या जाणाऱ्या ‘माफ कर, बाबा’ यात कबुलीचा लवलेशही नसतो.